जुनी पेट्रोल गाडी: सेल्फवर इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. पंप बदलू का?

जुनीसोबत:
नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. बाबांची जुनी पेट्रोल गाडी आहे, कार्बोरेटरची नाही, इंजेक्शनवाली. सेल्फ मारला की इंजिन चांगलं जोरात फिरतं, पण चालू होत नाही. बॅटरी नवी आहे, टाकीत पेट्रोल आहे. मेकॅनिक म्हणतात, सेल्फ मारताना टाकीतल्या पंपाचा आवाज येत नाही, म्हणजे पंप गेला. पंपासाठी टाकी उतरवावी लागेल. गाडी मोडीत काढायची नाही, पण एकेक पार्ट बदलून बघत बसणंही परवडणार नाही. त्याआधी घरी काय तपासता येईल?

उताराची वाट:
आमच्याकडे हेच झालं तेव्हा पंपच निघाला होता. टाकी नेहमी रिकामी ठेवून चालवली की पंप लवकर जातो, कारण आजूबाजूच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. तरी आधी फ्यूज बघा आणि पंपाचा रिले (त्याला करंट देणारा छोटा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा, दोन्हींवर नंबर सारखा असेल तरच. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विचही असतो, तो दाबून पूर्ववत करावा लागतो.

दहाबाराचा पाना:
पंपाला हात लावू नका, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. चांगला पंप दोन-तीन सेकंद घूं करून थांबतो. त्यानंतर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला पुन्हा तेव्हाच चालवतं, जेव्हा इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळतो. चावी ऑनला घूं येत असेल आणि सेल्फवर येत नसेल, तर पंप जिवंत आहे, त्याला हुकूमच मिळत नाही.

मग करंट, म्हणजे प्लगवरची ठिणगी, बघा. पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे पेट्रोल उडणार नाही. एक प्लग काढा, त्याला करंट देणाऱ्या वायरला किंवा कॉइलला जोडा आणि त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा. हातात धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. स्पार्क टेस्टर मिळाला तर सगळ्यात उत्तम. जवळपास पेट्रोलचा वास नको. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर आणि टचटच वाजणारी हवी. काढलेला प्लग ओला होता की कोरडा, तेही इथे लिहा.

सगळा खेळ इथे आहे. करंट आहे आणि प्लग कोरडा, तर पेट्रोलच्या बाजूला शोधा. प्लग ओला आणि करंट नाही, तर कॉइल, वायरिंग. दोन्ही एकदम गायब असेल, तर पंप आणि कॉइल एकाच वेळी मरत नाहीत. दोघांना चालवणारी वस्तू शोधायची: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हा सिग्नल देणारा), मेन रिले, कंट्रोल युनिटचा सप्लाय किंवा अर्थिंग.

चोक ओढा:
सेल्फचा आवाजही ऐका. चांगलं इंजिन दर कॉम्प्रेशनला थोडं अडखळत फिरतं. तो ताल न येता सरसर, नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरत असेल तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) तुटला असण्याची शक्यता असते. तसं वाटलं तर सेल्फ लगेच थांबवा. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावा.

इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायला कुणी सांगेल. आगीचा धोका आहे, आणि तुमच्याकडे करंट आहे की नाही हेच अजून माहीत नाही, त्यामुळे त्यातून काही कळणारही नाही.

जुनीसोबत:
तपासलं. चावी ऑनला पंप घूं करतो! सेल्फवर गप्प. प्लग कोरडा, ठिणगी अजिबात नाही. आवाजात ताल आहे, इमोबिलायझरचा दिवा नेहमीसारखा विझतो. सेल्फवर आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. आणि एक सांगायचं राहिलं: सकाळी गाडी चालू होते, फिरवून आणून बंद केली की रुसते.

दहाबाराचा पाना:
शेवटच्या वाक्याने बरंच सांगितलं. क्रँक सेन्सरच्या आतली तारेची गुंडाळी तापल्यावर उघडते, म्हणजे तिची जोडणी तुटते, आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. सगळी लक्षणं त्याकडे बोट दाखवतात. काही गाड्यांत काटा सेल्फवर हलतच नाही, म्हणून नुसत्या त्यावर विसंबू नका.

सेन्सर बहुधा गिअरबॉक्सच्या तोंडाशी फ्लायव्हीलजवळ किंवा क्रँकच्या पुलीपाशी असतो. गाडी रुसली की चावी काढून सेन्सरवर गार पाण्याचा ओला फडका ठेवा. थोड्या वेळाने फडका काढून सेल्फ मारा. लगेच पकडली तर निदान जवळपास पक्कं. दोन वायरचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून मल्टिमीटरवर ओम मोजा, तेही इंजिन गरम असताना. तीन वायरचा असेल तर ओम मोजण्यात बहुधा अर्थ नसतो, सप्लाय येतो का ते बघा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

जुनीसोबत:
फडक्याने चालू झाली!! सेन्सर दोन वायरचा आहे. थंड असताना मीटर आकडा दाखवतो, गरम असताना सर्किट उघडं. मेकॅनिकनाही समोर दाखवलं, त्यांनाही पटलं. टाकी उतरवायची नाही. नवा सेन्सर घेताना काय बघू?

दहाबाराचा पाना:
जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर जुळवून, शक्यतो गाडीच्या कंपनीचाच घ्या. लांबीत थोडा फरक असला तरी समोर फिरणाऱ्या चाकाच्या दात्यांपासूनचं अंतर बदलतं आणि सिग्नल कमजोर होतो. बसवण्याआधी खाच पुसून घ्या, सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. कनेक्टरकडे येणाऱ्या वायरचं प्लास्टिक उष्णतेने तडकलंय का, तेही बघा. तसं असेल तर नवा सेन्सरही रुसेल.

बसवल्यावर गाडी पूर्ण तापू द्या, बंद करा आणि पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारा. तेव्हा पकडली की काम झालं.