जुन्या गाड्यांचा नाद असलेले पोटापाण्याला काय करतात?

मच्छेचा ऑपरेटर:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे, शिफ्ट आलटून पालटून. हातात बावीस हजार येतात. मामाची येझ्दी रोडकिंग खानापूरकडं गोठ्यात वैरणीखाली पडून होती, ती दिवाळीला टेम्पोत घालून आणली. टाकी आतनं गंजलीय, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, किक अर्ध्यावर अडकते, आणि क्लच कव्हरला ही एवढी चीर.

बाबा रोज एकच विचारतात, "असले नाद करणाऱ्यांच्या बापांचे कारखाने असतात. तू कुणाच्या जीवावर उड्या मारूलालैस?"

रविवारी जांबोटी रोडला जावा, येझ्दी, आरएक्स, जुन्या बुलेट ओळीनं दिसतात. टपरीवर कार्बोरेटरवर तासभर बोलणं होतं, पण कोण काय काम करतो ते कुणी विचारत नाही. हेल्मेटखाली डॉक्टर कोण आणि ड्रायव्हर कोण, कळायला मार्ग नाही. म्हणून सरळ विचारतो, तुम्ही पोटापाण्याला काय करता आणि त्यातनं गाडीला पैसा न वेळ कुठनं काढता? "मनात असलं की होतंय" असलं काही लिहू नका, ते बाबांना दाखवता येत नाही.

चोर्ल्याचा टेम्पो:
भाजी. रात्री बेळगावात माल भरायचा, चोर्ला घाट उतरून पहाटे गोव्यात टाकायचा. आणि सुट्टीला बुलेट घेऊन परत त्याच घाटात. बायको म्हणते, आठवडाभर तीच वळणं करून हौस भागली नाही होय? अगं, टेम्पोत वळण दिसतं कुठं, डोळ्यापुढं मागचे टोमॅटो असतात! कणकुंबीच्या पुढं पावसाळ्यात धुकं उतरलं की मात्र बुलेट नको न टेम्पो नको. पैशाचं म्हणशील तर टेम्पोच्या हप्त्यातनं उरलं तर गाडीला, नाही उरलं तर गाडी उभी.

सागवान:
पोरा, मी पॅटर्नमेकर. ओतकामाच्या आधीचा माणूस, ज्याच्यावरनं वाळूचा साचा काढतात तो लाकडी नमुना करणारा. सगळी नोकरी अनगोळच्या एका शेडमध्ये गेली. आता निवृत्त आहे, पण बाकडं घरी आणलंय.

माझी जावा मला जवळजवळ फुकटात मिळाली. जावा-येझ्दी काढणारा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला त्या सुमाराची गोष्ट. चार स्ट्रोकच्या शंभर सीसी गाड्यांनी ॲव्हरेजच्या जोरावर बाजार खाल्ला होता, टाकीत ऑईल मिसळून चालवायची गाडी कुणाला हवी होती? मालक म्हणाला, ने बाबा, अंगण तरी मोकळं होईल. आज त्याच गाडीला गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतंय. 2018 ला जावा नव्यानं आली तेव्हापासनं तर जास्तच.

आता तुझ्या कव्हरचं. ह्या गाड्यांना किक आणि गिअरची पट्टी एकच, तीही डावीकडं. पट्टी आत दाबून उभी केली की किक, खाली आणली की गिअर. त्यामुळं गाडी डाव्या अंगावर पडली की मार कव्हरला. माझं फुटलं तेव्हा नवं कुठंच मिळेना. मग दोन तुकडे जुळवून त्याच्यावरनं सागवानात पॅटर्न केला. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा: बिडाला मीटरमागं 10 मिलिमीटर, ॲल्युमिनियमला 13 च्या आसपास. आमची मापाची पट्टीच तशी वाढवून आखलेली असते. कव्हर फूटभर लांब, म्हणजे चार मिलिमीटर जास्त. गॅसकेट बसते त्या तोंडाला मशीनिंगसाठी आणखी तीन. बाजूंना किंचित उतार, नाहीतर साच्यातनं पॅटर्न उचलताना वाळूची कड ढासळते. घासून घासून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत सोडला नाही. आमच्या मिस्त्रीची ती सवय, मलाही लागली.

ओतून देणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत, कारण त्याच पॅटर्नवर त्याला स्वतःच्या येझ्दीचं कव्हर काढायचं होतं. मिलिंगवाल्याची बुलेट होती, त्याला मी हँडलच्या क्लँपचा पॅटर्न करून दिला. असा हिशेब आहे इथला. तुझ्या बाबांना सांग, बेळगावात हा नाद करणारे बघितले तर मोल्डर, टर्नर, फिटर, टूलरूमवाले, सिलेंडर आतनं घासून देणारे होनिंगवाले हेच जास्त. पगार सगळ्यांचा बेताचाच. पण जेवणाच्या सुट्टीत लेथ रिकामी असते, आणि लेथवाला मित्र असतो. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला आपल्या दहापट कमावतो आणि एका बुशासाठी महिनाभर फोन करत बसतो. तोच बुश इथं चहा संपायच्या आत टर्न होतो. कारखाना बापाचा नसला तरी चालतंय, कारखान्यात ओळख पाहिजे.

मात्र सुपरवायझरला विचारल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, आणि कंपनीचं मटेरियल तर अजिबात नाही. एका रॉडच्या तुकड्यापायी नोकरी गेलेली बघितलीय मी.

वडगाव माग:
काकांचं बरोबर हाय. पण आमच्याकडं लेथ न्हाई न काय न्हाई, पॉवरलूम हायत. सूत शेठचं, मजुरी साडीवर. लाईट गेली की माग थांबला, माग थांबला की मजुरी थांबली. मग घरात बसून काय करूया, आरएक्स 100 बाहेर काढायची! वेळ असा मिळतोय. पैसा लग्नसराईला. सीझन बरा गेला तर टायर, बेताचा गेला तर नुसती ग्रीसिंग.

आणि एक फायदा, कान. सगळे माग एकदम धडधडत असताना कुठल्याचा आवाज बदलला ते कळलं न्हाई तर साडी वाया जाते. त्यामुळं सायलेंसरच्या आतल्या नळीवर कार्बन बसायला लागला की मला चालत्या गाडीवर कळतंय. गल्लीतल्या पोरांच्या गाड्या मी नुसत्या ऐकून सांगतोय, पैसे घेत न्हाई.

नाईट ड्युटी:
स्टाफ नर्स, निपाणी. बाबा मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले तेव्हा घेतलेली बुलेट. बिडाचा सिलेंडर, गिअर उजव्या पायाला. त्यांचे गुडघे गेले आणि गाडी माझ्याकडं आली. माझा ऑफ बहुतेक मधल्या वारी पडतो. लोक त्याला वैतागतात, मला तोच आवडतो. मंगळवारी गडहिंग्लज-आजरा करत आंबोलीला जा, रविवारची ती सेल्फीवाली गर्दी नसते.

पगारातून दरमहा थोडं बाजूला टाकते, बाबांना सांगते आरडी आहे. गॅरेजवाला अजून मला बघून विचारतो, "साहेब नाही आले?"

नावात काय:
माझ्या वडिलांचा कारखाना आहे. म्हणजे तुझे बाबा म्हणतात तो मीच. सहा गाड्या आहेत, त्यातल्या चार सुरू होत नाहीत. शनिवारी रात्री डिस्पॅच, रविवारी मेंटेनन्स, सोमवारी परत पार्टीचे फोन. कव्हर घातलेल्या गाड्या बघायला पाहुणे येतात, मी नसतो. पैशानं क्रोम होतं, दोन तास मिळत नाहीत. वरच्या नर्सताईंचा मंगळवार विकत मिळत असेल तर सांगा.

टिळकवाडी दुसरं गेट:
कुणीही काहीही कमवा, पण सकाळी साडेपाचला आमच्या खिडकीखाली टू-स्ट्रोक तापवू नका. निळ्या धुरात देवपूजा करूलालोय आम्ही.

मच्छेचा ऑपरेटर:
काकांचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. लेथवर गप्प बसले, नोकरी गेलेल्याचं मात्र दोनदा वाचायला लावलं. काका, पॅटर्न अजून आहे काय? आणि किकचं काय करू?

सागवान:
आहे, माळ्यावर. किकला जोर लावू नको, उरलंसुरलं कव्हरही जाईल. आधी प्लग काढ, भोकातनं थोडं ऑईल सोड, रात्रभर राहू दे. मग मागचं चाक गिअरमध्ये हातानं हलवून पिस्टन सुटतोय का बघ. फर्स्ट शिफ्ट असेल त्या शनिवारी संध्याकाळी कव्हर घेऊन ये. चीर एमसीलनं भरून आणू नको, आणि गॅसकेटचं तोंड पटाशीनं खरवडू नको.