भेगा मिटल्यावर काळीतही पाणी मुरत नाही

काळी माती पाणी धरते, वाहून जातं ते मुरमाड माळावरूनच, असं म्हणतात. ते जूनपुरतं खरं. मृगात आमच्या काळीत हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा असतात. पहिले दोन-तीन पाऊस त्यातच गडप होतात, ओढ्याला थेंब येत नाही. पण यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगली की भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग तासाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरवर येतो, कधी त्याच्याही खाली. मग श्रावणातली साधी सरसुद्धा गढूळ लोंढा होऊन बांधावर धडकते.

उताराला आडवी पेरणी सुरू केल्यापासून आमच्याकडे पाणी सऱ्यांत थबकतं, खालच्या बांधाशी गाळ कमी साचतो. शेजारी त्याच मातीत उताराच्या दिशेने पेरलेल्या सोयाबीनची मुळं मात्र दर वर्षी उघडी पडतात.