आरव्हीने गेलात, पण शहर कसं पाहिलंत? (अनुभव धागा)

मीठभाकर

आज सकाळी वरणाच्या फोडणीसाठी पॅटिओतल्या माळेतून एक लाल मिरची तोडली. तेलात पडली, जो ठसका लागला त्यात आख्खं अल्बुकर्की (न्यू मेक्सिकोतलं शहर) आठवलं. वरण करपलं, मीटिंगला उशिरा गेले, आणि आता लंचमध्ये हे टाइप करतेय.

२०२२चा ऑक्टोबर. सासू-सासरे मंगळवेढ्याहून आमच्याकडे फिनिक्सला आलेले. सासऱ्यांचं एकच, "दर दोन दिवसांनी बॅगा उघडा नि भरा, हे मला जमणार नाही." म्हणून २८ फुटी आरव्ही (राहायची-शिजवायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतली. सहा माणसं, एक कुकर, दोन किलो दशम्या. निमित्त तिथल्या बलून फिएस्टाचं, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांच्या उत्सवाचं. तो फिएस्टाचा पन्नासावा सोहळा होता. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमधून १३ बलून उडाले होते म्हणे, आता शेकड्यांनी उडतात.

आमची जागा मैदानालगत, पण ना नळ ना विजेचा खांब. टाकीत आणाल तेवढंच पाणी. सासूबाई पहिल्या दिवसापासून तांब्याने हिशेब करायला लागल्या, "दुष्काळात आम्ही काय केलं असेल?" आणि पहाटे साडेचारला उठून, कुडकुडत, चहाचे थर्मास घेऊन मैदानात जावं तर खांबावर लाल झेंडा. हिरवा असला तर उड्डाण, पिवळा असला तर थांबा, लाल म्हणजे घरी जा. त्या वर्षी पावसाने बऱ्याच सकाळी अशाच गेल्या. मुलं रडकुंडीला.

मग शहर बघू म्हटलं, आणि तिथे आमची अक्कल निघाली. ओल्ड टाउनच्या गल्ल्यांत हे धूड घेऊन तीन चकरा मारल्या. पार्किंग नाही. एका वळणावर नवरा खाली उतरून हात दाखवतोय, मी चाकावर, मागे सात गाड्या. शेवटी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका आरव्ही पार्कमध्ये गाडी लावली नि सिटी बसने आलो. (बस त्या वर्षी सगळ्यांना फुकट होती. रूट ६६ हा जुना प्रसिद्ध हायवे शहरातून जातो तो हाच रस्ता.)

ओल्ड टाउन १७०६चं. सान फेलिपे दे नेरी चर्चच्या भिंतीला सासऱ्यांनी हात लावला, नखाने जरासं खरवडलं (मी डोळे वटारले) आणि म्हणाले, "ही आपलीच पांढरी माती." शेजारच्या घरांच्या भिंतींतून तुळयांची टोकं बाहेर आलेली. "हे माळवद! अगं, आपल्या वाड्यातलं माळवद!" मग अर्धा तास ते तिथल्या दुकानदाराला पावसाळ्याआधी माळवदावर माती कशी टाकतात ते मराठीत सांगत होते, आणि तो मान डोलवत होता. मला वाटतं त्याला कळत होतं.

दारोदार लाल मिरच्यांच्या माळा. रिस्त्रा म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "केवढी ही दृष्ट काढतात!" मी तारेवरच्या ट्रामने (रोपवे) सांदिया डोंगरावर गेले, १०,३७८ फूट, सगळं दिसलं, पण आठवतंय ते हेच. परतताना एक माळ घेतली, साताठ हात लांब. तीच आजची मिरची. आता अर्धीच उरलीय.

तुमचंही लिहा. आरव्ही, कॅराव्हॅन, काहीही. पण शहरातलं. डोंगर-दऱ्यांचे फोटो सगळेच टाकतात.

टप्पू_सुलतान

मी पयला! आरव्ही नाही, एसटीची लाल परी चालेल का?

अंजिरी

मीठभाकर, दशम्या दुधातल्या का गं? माझ्या दोन दिवसांत चामड्यासारख्या होतात.

विषय : आरव्हीत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो हे कोणीच आधी सांगत नाही. आमच्याकडे न्यू ऑर्लिन्सला रात्री दहाला मोहरी तडतडली आणि शेजारच्या तीन आरव्ह्यांतले आजोबा अंडरशर्टवर बाहेर आले. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "काय शिजत होतं?" बटाट्याची भाजी दिली वाटीभर. त्याने बदल्यात स्ट्रीटकारमध्ये कुठल्या बाजूला बसायचं ते सांगितलं. सेंट चार्ल्स लाइन, खिडकी धरायची, झाडांवर अजून मार्डी ग्राचे (तिथला कार्निव्हल) मणी लटकलेले दिसतात. खरंच दिसले! फ्रेंच क्वार्टरमध्ये मोठी आरव्ही घालू नका, तिथे आत नेताच येत नाही.

बाकी नंतर, दूध उतू जातंय.

निळी_छत्री

आमची बॉस्टनची फजिती. चूक शंभर टक्के आमचीच.

भावाने फोनवरचा साधा नकाशा लावला. साधा नकाशा समजतो आपण मारुती चालवतोय. तो आम्हाला स्टॉरो ड्राइव्हवर घेऊन निघाला. तिथले पूल बुटके, वर लिहिलेलंय फक्त कार. आमची उंची १२ फूट. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमाराला पोरं कॉलेजात सामान हलवतात तेव्हा कोणाचा तरी ट्रक तिथे सोलून निघतो, बॉस्टनकरांनी त्याला क्रियापद केलंय, 'स्टॉरोड झाला'. आम्ही व्हायचे राहिलो. वहिनी ओरडली म्हणून. "अहो तो पूल बघा!!" भाऊ म्हणतो, बसेल. वहिनी म्हणाली, तुम्ही बसा, मी उतरते.

रस्त्याच्या तोंडाशीच थांबलो, पोलीस आला, मागची रहदारी अडवून आम्हाला उलटं काढलं. दंड नाही केला, पण ज्या नजरेने बघितलं ती दंडापेक्षा महाग. त्या दिवसापासून ड्रायव्हरसमोर चिकटपट्टीवर '१२ फूट' लिहून लावलंय.

नंतर शहाणपण सुचलं. हिंगमजवळ वॉम्पाटक स्टेट पार्कात गाडी ठेवली आणि हिंगमहून बोटीने बॉस्टन. बोटीतून शहर येताना दिसतं ना, ते बघाच. उतरलं की रस्त्यावरची लाल विटांची रेघ धरायची, फ्रीडम ट्रेल, अडीच मैल. पुतण्या त्या रेघेवरून एक पाय पुढे एक पाय मागे असा पूर्ण चालला. जुनी स्मशानं, चर्चं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हियरचं घर. त्याला विचारलं काय आवडलं? रेघ.

वाटाड्या

नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला असाच एक पूल आहे, ११ फूट ८ इंच. २०१९ मध्ये वर उचलून १२ फूट ४ केला. ट्रक तरी आपटतातच.

निळी_छत्री

वाटाड्या, ही माहिती वहिनीला फॉरवर्ड केली. भाऊ आता माझ्याशी बोलत नाही.

गंगावेश

आमची कॅराव्हॅन ट्रिप कोल्हापूरची. हसू नका. राज्य सरकारने २०२१ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात होतं, पुण्याहून एक मिळाली भाड्याने. मी मूळचा कोल्हापूरचाच, पण बायकोला हौस की गाडीत राहून कोल्हापूर बघायचं.

रंकाळ्यावर लावली. पाच मिनिटांत गर्दी.
"शूटिंग आहे काय हो?"
"न्हाई."
"मग कुठल्या पक्षाचा रथ?"
एकाने तर आत डोकं घालून बघितलं साहेब कुठायत ते. मी बनियनवर चहा करत होतो.

महाद्वारावर गाडी न्यायचा प्रश्नच नाही, रिक्षाने अंबाबाई, चालत मिसळ. रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार काढून तिथल्या तिथे ग्लास हातात, कोमट, वर फेस. बायको पुण्याची, तिने आधी विचारलं "उकळून नाही का?" गवळ्याने म्हशीकडे बघितलं. म्हैस म्हणेल काय उत्तर. मग प्यायली ती, दोन ग्लास. मिशी आली होती फेसाची, फोटो आहे पण टाकायची परवानगी नाही.

वीज-पाणी? मावशीच्या अंगणातून वायर. दुसऱ्या रात्री मावशी म्हणाली, "माझं घर हितं असताना गाडीत निजतासा? लोक काय म्हणतील?" घरात झोपलो. भाडं गाडीचं भरलं.

दुपारची_झोप

गंगावेश :)) :)) बसमध्ये वाचतेय, लोक बघतायत माझ्याकडे.

क्ष_भट

न्यूझीलंड, २०१६, क्राइस्टचर्च. कॅम्परव्हॅन विमानतळाजवळून घेतली. तिथे गाडीवर 'सेल्फ कंटेन्ड'चा (म्हणजे संडास-पाण्याची सोय गाडीतच) स्टिकर असेल तर बऱ्याच जागी मुक्काम करता येतो, नसेल तर नाही. आम्ही हॉलिडे पार्कात राहिलो आणि शहरात बसने गेलो.

फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८५ माणसं गेली. त्यांच्यासाठी एका रिकाम्या प्लॉटवर १८५ खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या रंगवलेल्या आणि प्रत्येक वेगळी. वेताची, ऑफिसातली चाकांची, व्हीलचेअर, आणि एक लहान बाळाची. मी लातूरचा आहे. ९३ साली सातवीत होतो. जास्त लिहीत नाही.

शेजारीच पुठ्ठ्याच्या नळकांड्या वापरून बांधलेलं कॅथेड्रल आहे, शिगेरू बान या जपानी वास्तुकाराचं. आत गेलो, बसलो. बायकोने बाटलीतलं पाणी दिलं. मग ट्राममध्ये बसून फिरलो गावभर, मुलीने आइस्क्रीम खाल्लं.

मीठभाकर

भटजी, वाचलं. थँक्यू लिहिल्याबद्दल.

दुपारची_झोप

+१. आमचे मामा किल्लारीला मदतीला गेले होते. ते पण कधी बोलले नाहीत.

श्टुटगार्टची_काकू

इकडे जर्मनीत सोपं आहे बाई. गावोगाव श्टेलप्लाट्झ असतात, म्हणजे आरव्हीसाठी आखलेल्या जागा, खांबात नाणं टाकलं की वीज. नाणं संपलं की अंधार! आमची पुरणपोळी अर्धी राहिली होती. सुट्टे ठेवा. आणि बऱ्याच शहरांत शिरायला काचेवर हिरवा प्लाकेट लागतो, प्रदूषणाचा. बाकी सायकली मागे लावून न्यायच्या, गाव सायकलवर बघायचं. मी ५८ वर्षांची आहे, हायडलबर्गला नेकारच्या काठाने सायकल चालवली. (किल्ल्यावर नाही. किल्ल्यावर रेल्वेने.)

टप्पू_सुलतान

काकू, आरव्हीत पुरणपोळी???

श्टुटगार्टची_काकू

होळी होती रे.

वाटाड्या

वॉशिंग्टन डी.सी.साठी कामाचं : कॉलेज पार्कला चेरी हिल पार्क म्हणून कॅम्पग्राउंड आहे, मेरीलँडमध्ये. गाडी तिथे सोडा, बस नि मेट्रोने शहरात या. स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट आहेत त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई करू नका, दोन तास बघा, बाहेर पडा, हिरवळीवर डबा खा. आरव्हीचा खरा फायदा हाच, डबा घरचा.

बाबांना नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होप हिरा दाखवला. ४५.५२ कॅरट, निळा. गोवळकोंड्याकडच्या कोल्लूर खाणीतला. काचेभोवती गर्दी, बाबा हलेनात. मागचा माणूस नम्रपणे म्हणाला, "एक्स्क्यूज मी." बाबा मराठीत म्हणाले, "थांब, आमचाच आहे."

काळी टाकी (संडासाची) आणि करडी टाकी (सांडपाण्याची) यावर कोणीच लिहिलं नाही, आश्चर्य आहे. रिकामी करताना आधी काळी, मग करडी. म्हणजे भांड्या-आंघोळीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलटं केलंत तर तुमचं तुम्ही बघा.

अंजिरी

वाटाड्या, मी जेवतेय.

अंजिरी

आणि मीठभाकर, ती हिरवी मिरची राहिली ना सांगायची! तिकडे भाजून सोलून मिळते ती. ठेचा होतो का तिचा?

मीठभाकर

होतो पण आपल्यासारखा नाही, गरदार असते, पाणी सुटतं. लसूण जास्त घाल, दाण्याचं कूट. हॉटेलात विचारतात "लाल की हिरवी?" (तो तिथल्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, खरंच, कायद्याने!). दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. सासरे मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "दिवाळी." वेट्रेस बिचारी लिहायला लागली.

गंगावेश

दिवाळी :)) हे आता माझं झालं.

श्टुटगार्टची_काकू

मीठभाकर, एक विचारू? ती माळ चकचकीत आहे का गं? माझी भाची सांता फेला असते. ती म्हणते शोभेच्या माळांना लॅकर मारतात, चमक टिकावी म्हणून. त्या खायच्या नसतात. खायच्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.

टप्पू_सुलतान

मीठभाकर?

अंजिरी

अगं बोल काहीतरी.

मीठभाकर

तीन वर्षं. कटाची आमटी, वरण, मागच्या गणपतीत पन्नास माणसांचं मसालेभाताचं वाटण.

थांबा. खाली जाऊन बघून येते.

दुपारची_झोप

चकचकीत आहे का??

मीठभाकर

धूळ आहे. पुसतेय.