इंजिनाच्या पाटीवर एक नंबर अन् रॉडवर दुसरा, मंग खरं इंजिन कोणतं?

रिवाइंडिंगवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच पोस्ट टाकून रायलो, काई चुकलं तर सांभाळून घ्या. गाव दारव्ह्याजवळ, धंदा शेतातल्या मोटारी रिवाइंड करायचा, रेल्वेतलं मले काईच कळत नाई. पण बाबा मूर्तिजापूरले शकुंतलेवर, म्हंजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या नॅरोगेज (अरुंद रुळाच्या) गाडीवर होते, आधी क्लीनर मंग फायरमन, म्हंजे इंजिनात कोळसा टाकणारा. 15 एप्रिल 1994 ले कोळशाचं इंजिन काढून डिझेल लावलं, तवापासून त्यायनं वाफेच्या इंजिनले हात लावला नव्हता.

मांगल्या हप्त्यात डोळे दाखवाले नागपूरले गेलतो. काम लवकर आटपलं, म्हटलं चला बाबा, मोतीबागेतलं नॅरोगेजचं म्युझियम पाहून येऊ, कडबी चौकाच्या तिकडंच तर हाये. तिथं इंजिनं उघड्यावर, रुळाच्या तुकड्यावर उभी केलेली हायेत. पोरगं टॉय ट्रेनसाठी रडून रायलं, बायको सावली पाहून रायली, अन् बाबा एका इंजिनापाशी जे थांबले ते हालेचनात. डोळ्यात औषध टाकलेलं, नीट दिसून नव्हतं रायलं, तर चाकं जोडणारा जो लांब दांडा असते, बाबा त्याले साइड रॉड म्हंतात, त्याच्यावरून त्यायनं बोटं फिरवली, सुपातल्या तांदळात खडा शोधतो ना आपण, तशी, अन् एका जागी थांबून म्हंतात, "इथं आकडे हायेत, वाच."

रंगाचे इतके थर की मले काईच दिसेना. मोबाइलचा टॉर्च बाजूनं मारला तवा दिसलं, पंच ठोकून उमटवलेले आकडे. पण ड्रायव्हर उभा रायते त्या कॅबच्या पाटीवरचा नंबर अलग अन् रॉडवरचा अलग! दोन्ही फोटो खाली टाकले.

बाबाले विचारलं तर म्हणे "होतेच तसं" अन् पुढं चूप. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाई.

तर जाणकारायले प्रश्न असा, की हे इंजिन नेमकं कोणतं? पाटीवालं का रॉडवालं? का पाच-सहा भंगार इंजिनं मिळून एक उभं केलं? आमच्या धंद्यात चालते असं, बॉडी एका मोटारीची, रोटर दुसरीचा, वाइंडिंग माझी, अन् गिऱ्हाईक विचारलं की पाटीवरचं नाव सांगते.

नॅरोगेजवाला

भाऊ, तुमच्या वडिलांनी बोटांनी नंबर वाचला हे वाचूनच मी पहिले फोटो झूम करून पाहिले. मस्त सापडलंय.

फसवाफसवी काही नाही यात. इंजिन ओव्हरहॉलला वर्कशॉपमध्ये गेलं की पूर्ण उघडायचे. बॉयलर वर उचलून वेगळा, चाकं खालून वेगळी, रॉड वेगळे. एकाच क्लासची दोन-तीन इंजिनं एका वेळी उघडलेली असली की फरशीवर सारख्याच रॉडचा ढीग पडतो, म्हणून प्रत्येक रॉडवर इंजिनाचा नंबर आणि डावी-उजवी बाजू पंच करून ठेवायचे. बुश, म्हणजे रॉडच्या भोकातला धातूचा गोल तुकडा, ज्या रॉडमध्ये बसवून घासला तो रॉड त्याच क्रँकपिनला, म्हणजे चाकावरच्या खुंटीला परत जावा, नाहीतर गरम होणार आणि ठोकणार. पण समजा एका इंजिनाचा रॉड वाकला किंवा तडा गेला, आणि शेजारच्या इंजिनाला अजून महिनाभर वेळ आहे, तर मिस्त्री काय वाट पाहत बसणार आहे का, शेजारचाच लावून गाडी काढणार. जुना पंच तसाच राहतो, कोणी कोणी त्यावर आडवी रेघ मारून बाजूला नवा नंबर ठोकत. तुमच्या फोटोत रेघ दिसत नाही मला, पण रंग जाड आहे.

बॉयलरचं तर याहून जास्त. सगळ्यात जास्त वेळ बॉयलरलाच लागतो, ट्यूब काढा, फायरबॉक्सचे (जाळाच्या पेटीचे) स्टे म्हणजे आधाराचे दांडे तपासा, मग पाण्याचं प्रेशर देऊन टेस्ट. तोवर खालची फ्रेम आणि चाकं तयार होऊन बसलेली असतात. म्हणून मोठ्या वर्कशॉपमध्ये एखादा जास्तीचा बॉयलर तयारच ठेवायचे, तो चढवला की इंजिन बाहेर, आणि याचा बॉयलर पुढच्या कोणाला. असं दहा-बारा वर्षांत दोन-तीनदा झालं की कोणाचं काय कोणाकडे ते वर्कशॉपच्या रजिस्टरलाच माहीत. इंग्लंडच्या फ्लाइंग स्कॉट्समनचंच बघा, 1472, 4472, 502, 103, 60103 असे नंबर फिरले आणि बॉयलरही बदलले, तरी कोणी म्हणत नाही की हे ते इंजिन नाही.

ओळख ठरते ती फ्रेमवरून, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांमध्ये चाकं बसतात त्यावरून. तिथला नंबर पाटीशी जुळला तर इंजिन पाटीवालं.

आणि एक, रंगवलेल्या अक्षरांवर तर अजिबात जाऊ नका. आपल्या तिकडची नॅरोगेज आधी बेंगाल नागपूर रेल्वेची होती, 1955 ला दक्षिण पूर्व रेल्वे झाली, हे म्युझियम 14 डिसेंबर 2002 ला उघडलं, आणि 2003 मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे आली. इंजिन तेच, टाकीवरची अक्षरं प्रत्येक वेळी नवीन.

कापूसकोंडा

म्हंजे रॉड दुसऱ्याचा, बॉयलर तिसऱ्याचा, अक्षरं चौथ्याची, अन् आपण तिकीट काढून म्हणायचं वा वा किती जुनं. मंग दिल्लीच्या म्युझियमवाल्या त्या फेअरी क्वीनचं काय बाप्पा? 1855 चं इंजिन म्हंतात, 1997 ले पुन्हा गाडी ओढाले लावलं, गिनीज बुकात नाव गेलं. त्याच्यात 1855 चं काय शिल्लक असन, सीटी?

बंडीवाला_आर्णी

@कापूसकोंडा तुमच्या घरी बंडी हाये का भौ? आमच्या घरची आज्यानं केलेली. साटा बाबानं बदलला, आरे दोनदा बदलले, जू तर मीच मांगल्या वर्षी वाढयाकडून नवं करून आणलं. तरी गावात कोणीबी म्हंते आज्याचीच बंडी. आता कोर्टात जाऊन सिद्ध करू का?

बरं बंडीवरून आठवलं. चाकावर लोखंडाची धाव चढवतात ते कोणी कोणी पाह्यलं? आमच्याकडं लोहार धाव जरा लहानच करते, मंग गोवऱ्या रचून लाल करते, लाल झाली की फुगते, सांडशीनं धरून चाकावर बसवतात अन् चर्र करून पाणी ओततात, थंडी झाली की अशी आवळते की आरे करकर वाजतात. एका रेल्वेवाल्यानं मले सांगतलं होतं की इंजिनाच्या चाकाले पण अशीच धाव असते, तिले ते टायर म्हंतात, तापवूनच चढवतात, झिजली की खरडतात अन् लय झिजली की काढून नवी. म्हंजे ज्या चाकाले आपण शंभर वर्सांचं म्हणून हात लावतो त्याची धाव किती वेळा बदलली देव जाणे.

नॅरोगेजवाला

@बंडीवाला_आर्णी अगदी बरोबर, टायर तापवूनच चढवतात, आणि त्या टायरच्या बाजूवरसुद्धा ठोकलेले आकडे असतात, कारखान्याचा शिक्का वगैरे. @रिवाइंडिंगवाला_दारव्हा पुढच्या वेळी टायरपण बघा.

शेडमधला_काका

बरेच दिवसांनी या विषयावर कोणी नीट लिहिलेलं वाचलं म्हणून लॉगिन केलं. मी ब्रॉडगेजवाला, म्हणजे रुंद रुळाच्या गाड्यांचा, मोठ्या शेडला होतो, नॅरोगेजची इंजिनं आम्ही खेळणी म्हणायचो, पण काम तेच. खेळणं म्हणालो तरी शकुंतलेचं ते झेडडी क्लासचं इंजिन 1921 चं मँचेस्टरचं, 1923 पासून सत्तर वर्षं ओढत होतं, आमची कितीतरी मोठी इंजिनं त्याच्या आधी भंगारात गेली. नंबरचं वर सांगून झालंच आहे, मी त्या रंगाबद्दल बोलतो, माझा जीव तिथे जळतो.

साइड रॉड आणि कनेक्टिंग रॉड यांना रंग लावायचाच नसतो हो. क्लीनरचं पहिलं काम काय, तर वेस्ट म्हणजे सुताचा गुंता घ्यायचा, घासलेटमध्ये बुडवायचा आणि रॉड आरशासारखा चकाकवायचा, का, तर तडा गेला की केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे. रंगाखाली काय दिसणार. म्युझियममध्ये इंजिन चालायचं नसतं म्हणून चांदीचा रंग फासतात, ते समजू शकतो, गंज तरी धरत नाही. पण नंबरवर ब्रश मारताना जरा हात आवरावा.

त्याहून वाईट ते धुरांडं. उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या धुरांड्यावर झाकण नसेल तर पावसाचं पाणी सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुरांड्याखालच्या पेटीत. तिथे जुनी राख नि काजळी चिकटलेली असते, कोळशातलं गंधक असतं त्यात, पाणी मिळालं की तेजाब तयार होतं आणि खालचा पत्रा खाऊन टाकतं. एका ऑफिससमोर चबुतऱ्यावर ठेवलेलं इंजिन मी पाहिलंय, कुठलं ते नाही सांगत, बाहेरून नवरीसारखं सजवलेलं, मी स्मोकबॉक्सचं दार ओढलं तर खाली परातीएवढं भोक आणि आत साळुंकीचं घरटं. बॉयलरच्या पत्र्याखाली उष्णता धरून ठेवायला जो लेप असतो त्यातही पाणी मुरतं, वर्षानुवर्षं ओलाच राहतो. पत्रा कुठे सुटला असेल तर त्यात बोट घालू नका, जुना लेप बहुतेक अॅस्बेस्टॉसचा असायचा, पोरांना तर लांबच ठेवा.

बाकी मोतीबागेनंतर जमलं तर वडिलांना एकदा दिल्लीचं म्युझियम दाखवा, चाणक्यपुरीत आहे, 1977 ला उघडलं. तिथे आपल्या बेंगाल नागपूर रेल्वेचं गॅरेट इंजिन आहे, 815 नंबर, मँचेस्टरच्या बेयर पीकॉकचं. मध्ये एकच अवाढव्य बॉयलर, आणि पुढे-मागे दोन वेगवेगळ्या चाकांच्या गाड्या, वळणावर तीन तुकड्यांत वळायचं ते. एवढा बॉयलर बघून फायरमन माणसाला पहिला विचार हाच येणार की याला कोळसा कोण टाकत होतं.

हो, आणि नंबर वाचायला खरवडू नका. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं करा. आधी तिथल्या माणसाला विचारून.

रिवाइंडिंगवाला_दारव्हा

सगळ्यायचे लय लय आभार. उशिरा लिहून रायलो कारण काल पुन्हा डोळ्यासाठी नागपूरले बोलावलं होतं, मंग पुन्हा तिकडं गेलो. या वेळी पोराची चित्रकलेची वही अन् मेणाचा काळा खडू सोबत नेला. गेटवरच्या माणसाले विचारलं, तो पहिले हसला, मंग बाबा फायरमन होते म्हटल्यावर स्वतःच कागद धरून उभा रायला.

काकायनं सांगतलं तसंच केलं, टॉर्च तिरपा मारून अन् खडू घासून. फ्रेमवर, पुढच्या चाकाच्या वर, पाटीवालाच नंबर निघाला. म्हंजे नॅरोगेजवाले भाऊ म्हंतात तसं इंजिन पाटीवालंच. रॉडवर तो दुसरा नंबर एकदम साफ उमटला, रेघ नाई मारलेली. अन् टायरवर तिसराच आकडा! कापूसकोंडा भौ, तुम्ही खुश व्हा.

आता बाबा काहून चूप झालते ते सांगतो. काल येताना कळंबच्या पुढं चहाले थांबलो, तवा आपूनच बोलले. नोकरीत काही दिवस दुसरीकडं बदलीवर होते, ठिकाण लिहू नको म्हंतात. पावसाळा होता, एका इंजिनाच्या साइड रॉडले तडा सापडला, सापडवला बाबानंच, रॉड पुसता पुसता. वेस्टचा एक धागा त्या तड्यात अडकला म्हणून कळलं. सकाळची गाडी काढायची होती, पॅसेंजर फलाटावर येऊन बसलेले. शेजारी एक इंजिन बॉयलरच्या कामासाठी उभं होतं, त्याचा रॉड काढून याले लावला, रात्रभर चार माणसं, कंदील अन् पाऊस. मिस्त्रीनं बाबाले सांगतलं, खडूनं लिहून ठेव, ते इंजिन तयार झालं की याचा रॉड परत लावायचा. बाबानं त्या उभ्या इंजिनाच्या टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "रॉड उधार."

म्हंतात पावसानं ते दुसऱ्याच दिवशी धुतल्या गेलं.

कापूसकोंडा

मंग परत लावला का नाई पुढं?

रिवाइंडिंगवाला_दारव्हा

नाई. उभं होतं ते इंजिन पुढं भंगारात गेलं. रॉड चालत रायला.