मदत हवी आहे: छोट्या गाडीने वरंधा–आंबेनळी, कोणत्या दिशेने?

ऑक्टोबरअखेर पुणे–भोर–वरंधा घाट–महाड–पोलादपूर–आंबेनळी घाट–महाबळेश्वर–वाई–पुणे असा फेरा ठरतोय. गाडी ८०० सीसीची पेट्रोल अल्टो, चार मोठी माणसं, सामान फक्त डिकीत. प्रवास उजेडातच, मुक्काम महाबळेश्वरला. महामार्गाने थेट जायचं सुचवू नका, घाट बघायलाच निघतोय.

ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नवीन, कूलंट बदललंय, टायरची हवा पूर्ण भाराच्या आकड्यावर. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, ब्रेक सतत दाबून ठेवत नाही. अडचण चढाची आहे. भरल्या गाडीने, एसी बंद असूनही, तीव्र वळणावर दुसऱ्यात इंजिन गुदमरतं, आणि समोरून एसटी आली की थांबून हाफ क्लचवर उठताना क्लचचा वास येतो. हँडब्रेक लावून उठवलं की बरंच कमी होतं. मेकॅनिकच्या मते क्लच प्लेट ठीक आहे.

पोलादपूर ते महाबळेश्वर हा चढ जवळजवळ १,३०० मीटरचा. आंबेनळीत वळणाआधीच पहिला टाकावा लागतो का? इंजिन थंड करायला सुरक्षित जागा कुठे? की फेरा उलटा करून वाई–पाचगणीमधला पसरणी घाट चढावा आणि आंबेनळी उतरावी? मग वरंधा महाडकडून चढताना हाच त्रास होईल का?