फुलचुकी नक्की कोण? शिंजीर की फुलटोच्या?

प्रश्न:
आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर एक बाकदार चोचीचा इवलासा पक्षी येतो. आई त्याला फुलचुकी म्हणते. मुलाच्या पुस्तकात तसल्याच चित्राखाली 'सूर्यपक्षी' छापलंय, शेजारचे काका 'शिंजीर' म्हणतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचेच फोटो 'हमिंगबर्ड' म्हणून फिरत असतात. ही सगळी एकाचीच नावं का? आणि फुलटोच्या तो वेगळा का?

प्रतिसाद:
हमिंगबर्डचं आधी निकालात काढू. तो अमेरिकेच्या दोन खंडांत असतो, भारतात नाही म्हणजे नाही. आपला पक्षी अधूनमधून फुलासमोर क्षणभर फडफडत थांबतो, त्यावरून लोकांची फसगत होते. एरवी तो फांदीवर नाहीतर देठावर व्यवस्थित बसून मध पितो. फूल खोल असेल तर समोरून जायची तसदीही घेत नाही, बुडाशी चोच खुपसून भोक पाडतो. तुमच्या जास्वंदीची फुलं देठाकडून बघा, बारीक चिरा सापडतील.

शिंजीर आणि सूर्यपक्षी एकच. 'सूर्यपक्षी' हे सनबर्डचं सरळ भाषांतर, म्हणून पुस्तकांत जास्त. हिंदीत हाच शकरखोरा, गुजरातीत शक्करखोरो. बागेत येणारे मुख्यतः दोन. जांभळा शिंजीर म्हणजे विणीच्या काळातला नर लांबून काळा ठिक्कर दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. वीण संपली की त्याची ही झळाळी जाते, पोट पिवळं पडतं आणि गळ्यापासून खाली एक काळी पट्टी तेवढी उरते. तेव्हा लोक त्याला तिसराच पक्षी समजतात. दुसरा जांभळ्या कटीचा. त्याच्या नराचं पोट बारा महिने पिवळं आणि छातीवर तपकिरी पट्टा. माद्या दोन्हींच्या फिक्या पिवळ्या, पण दुसरीचा गळा पांढुरका असतो.

फुलटोच्या मात्र वेगळाच. लांबी जेमतेम 8 सेंमी, म्हणजे शिंजिरापेक्षाही लहान, आणि भारतातल्या सगळ्यांत छोट्या पक्ष्यांत गणला जाणारा. रंग मातकट, चोच आखूड. त्याला बघायचं असेल तर फुलं सोडा आणि आंब्यावरचं बांडगूळ शोधा. बांडगुळाची फळं तो अख्खी गिळतो, चिकट बी विष्ठेतून दुसऱ्या फांदीला डकवतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. बागाईतदार त्याच्यावर खूश नसतात ते यामुळे.

आता फुलचुकी. काही ठिकाणी फुलचुखीही म्हणतात, आणि माझ्या मते त्यात 'चोखणे' आहे. हे नाव पक्ष्याच्या जातीचं नसून त्याच्या उद्योगाचं आहे. फुलाला लगटणारा कुठलाही बारका जीव फुलचुकी होऊ शकतो. आई चुकत नाहीयेत. पण 'आमच्याकडे फुलचुकी आली' एवढ्यावरून कोण आलं ते कळणार नाही. चोच विचारा. लांब आणि वाकडी असेल तर शिंजीर.

प्रतिसाद:
उद्योगावरून नावं म्हणाल तर आख्खं गाव भरेल. पानं शिवतो तो शिंपी. भांड्यावर हातोडी पडावी तसा दुपारभर टुक् टुक् करतो तो तांबट. शेपटी आपटत पाण्याकाठी हिंडतो तो धोबी, काहीजण परीट म्हणतात. लाकूड टोचतो तो सुतार. पकडलेला किडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. वर देखरेखीला कोतवाल आहेच. तांबट असूनही दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. तो वड, उंबर, पिंपळ यांच्या शेंड्याला बसतो आणि रंगाने हिरवा, मग दिसणार कसा? आवाज मात्र भर शहरात ऐकू येतो.

'लालबुड्या बुलबुल' हे नावही मला फार आवडतं. लाल ठिपका जिथे आहे तिथलंच नाव ठेवलंय, आडपडदा नाही. मुलांना एकदा सांगितलं की ती विसरत नाहीत. दुसरा तुरेवाला, गालावर लाल ठिपका असलेला, तो शिपाई बुलबुल. फारसी शायरीतल्या बुलबुलाचा मात्र या दोघांशी संबंध नाही. तो नाइटिंगेल, आपला बुलबुल नव्हे. शायरी वाचून आपल्या बागेत बुलबुल ऐकायला बसलात तर निराशा होईल.

प्रतिसाद:
शिंप्याबद्दल थोडं. आमच्याकडे कुंडीतल्या रोपाचं पान शिवलेलं दिसलं की सगळे लगेच शिंपी म्हणतात. दोन कडा जवळ आणून त्यांतून कापूस किंवा कोळ्याचा धागा ओवलेला, भोकाबाहेर धाग्याचे बोंडासारखे विस्कटलेले गोळे, आत मऊ गादी. पण राखी वटवट्याही कधीकधी असंच पान शिवतो, त्यामुळे घरटं पाहून निवाडा करू नका. पक्षी पाहा. शिंप्याच्या डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपटी ताठ. राखी वटवट्याचं डोकं राखाडी आणि पोट फिकट तांबूस. तो उडताना चटचट असा आवाज काढतो, तो ऐकला की शंका उरत नाही. बाकी शिंप्याचा आवाज त्याच्या आकाराला न शोभणारा, आख्खी गल्ली उठवणारा.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार. चोच लांब आणि वाकडी, त्यामुळे शिंजीर ठरला. एक उपप्रश्न. आई 'ती फुलचुकी' म्हणते, पुस्तक 'तो शिंजीर'. लिंग कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद:
व्याकरणातलं लिंग नावाबरोबर येतं, पक्ष्याबरोबर नाही. चिमणी, साळुंकी, मुनिया स्त्रीलिंगी. कावळा, पोपट, तांबट पुल्लिंगी. समोर नर असो की मादी. गंमत होते ती सुगरणीची. घरटं विणतो नर! अर्धं विणून तो लटकत पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तरच पुढची नळी पुरी करतो, नाहीतर ते घरटं तसंच लोंबतं. शिवाय एक घर पुरं झालं की बऱ्याचदा तो दुसऱ्याच्या तयारीला लागतो. पण शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे लिहिताना 'नर सुगरण विणते' की 'विणतो' असा पेच पडतो. मी 'सुगरणीचा नर विणतो' असं लिहितो. कोकीळ-कोकिळेतही तेच. गातो काळा नर, कौतुक होतं कोकिळेचं. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक् किक् असा.

फुलचुकीचं म्हणाल तर 'ती'च म्हणा. मादी शिंजिरासाठी वेगळा शब्द मात्र नाही, 'शिंजिराची मादी' असंच लिहावं लागतं. तिचं घरटं कधी तुमच्या गॅलरीतल्या वायरवर लोंबलं तर कचऱ्याचा झुबका समजून ओढू नका. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेला पाचोळा असतो, तोंड बाजूला, वर छोटासा छज्जा. पिल्लं उडून जाईपर्यंत तिथली कपड्यांची दोरी जरा लांब हलवली की झालं.