लिंकिन पार्कची चार नवी गाणी ऐकून काय वाटलं? मला 'टू फेस्ड' खटकतंय

रामदासपेठ_रिफ:
शुक्रवारी, १५ नोव्हेंबर २०२४ ला लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम 'फ्रॉम झिरो' येतोय आणि चार गाणी आधीच आपल्या हातात आहेत. 'द एम्प्टीनेस मशीन', 'हेवी इज द क्राउन', 'ओव्हर ईच अदर' आणि आता ८ तारखेला आलेलं 'टू फेस्ड'. आपले सगळे दोस्त 'टू फेस्ड'वर फिदा आहेत, जुनं लिंकिन पार्क परत आलं म्हणून नाचून राहिलेत, आणि मला नेमकं तेच पटत नाहीये. चारात सगळ्यात कमजोर गाणं ते आहे. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, सुरू झाली की थेट त्यांचंच जुनं 'वन स्टेप क्लोजर' आठवतं, मग बँडचा डीजे जो हानचं स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड मागेपुढे घासून काढलेला आवाज, मग सगळं एकदम शांत, हळू आवाजात तेच तेच बोलणं आणि ते वाढत वाढत किंकाळी. पुढे काय येणार ते आधीच कळतं. २००३ ला 'मिटिओरा' अल्बमनं वेडे झालेले आपण आता चाळिशीकडे आलो आणि बँड आपल्यालाच खूश करायला बसलाय असं वाटतं.

याउलट 'एम्प्टीनेस मशीन' ऐका. पहिलं कडवं आणि कोरस माईक शिनोडा एकटा गातो, रॅप नाही, साधं सरळ गातो, आणि दुसऱ्या कडव्याला नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग आत येते तेव्हा गाणं तिथून वर उचललं जातं. जुना गायक चेस्टर बेनिंग्टन असताना बहुतेक वेळा माईक रॅप करायचा आणि चेस्टर कोरस घ्यायचा, ती वाटणी इथे मोडलीय. अख्खा अल्बम असा असावा असं मला मनापासून वाटतं. बोला.

तर्री_पोहे_मेटल:
भाऊ तुमचं बी काही खरं नाही. २०१० ला 'अ थाउजंड सन्स' आला तेव्हा गिटार कुठं गेली म्हणून शिव्या, २०१७ ला 'वन मोअर लाइट' आला तर म्हणे पॉप झाले, आणि आता गिटार आणली तर म्हणता मागं पाहून राहिले. बँडनं करावं काय मग? मी 'टू फेस्ड' मेट्रोत सीताबर्डीहून खापरीपर्यंत लावून लावून ऐकलं आणि मले तर त्यात मजा करणारे लोक ऐकू आले. हान किती वर्षांनी असा मोकळा वाजवून राहिला. रिफ सारखी आहे म्हणता, अरे पण ती रिफ त्यांचीच आहे ना, दुसऱ्याची उचलली का?

चेस्टर_कायम:
मी या चारपैकी एकही पूर्ण ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. २० जुलै २०१७ ला चेस्टर गेल्याची बातमी आली तेव्हा काय झालं होतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. सीताबर्डीच्या फूटपाथवरून घेतलेल्या एमपी३ सीडीवर, जिच्यावर मार्करनं नावही चुकीचं लिहिलं होतं, मी पहिल्यांदा 'नम्ब' ऐकलं आणि तो आवाज माझ्याशी बोलत होता. बारावी त्याच्या जोरावर काढली. आता ड्रमर रॉब बोर्डनही नाही, गिटारिस्ट ब्रॅड डेल्सन टूरवर येत नाही, आणि तरी नाव तेच. नवीन नाव घ्या, मी पहिला तिकीट काढेन.

खामल्याची_गायिका:
दादा, तुमचं दुःख समजतं, पण न ऐकता मत कसं देता? मी स्वतः बँडमध्ये गाते म्हणून फक्त आवाजाबद्दल बोलते. सगळे 'हेवी इज द क्राउन'मधली किंकाळी मोजत बसलेत, एमिलीची १६ सेकंदांची, 'गिव्हन अप'मधली चेस्टरची १७ सेकंदांची. असं सेकंद मोजून गायक कळत नाही. एवढा वेळ तो खरखरीत स्वर धरून ठेवायचा तर ताकद गळ्यातून लावून चालत नाही, श्वास पोटातून सोडावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलता येणार नाही. तिला ते येतं, त्यावर वाद नकोच. माझी तक्रार गाण्याबद्दल आहे. ते लीग ऑफ लेजेंड्स या व्हिडिओ गेमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गाणं आहे आणि तसंच वाटतं, सगळं मोठ्ठं, स्टेडियमसाठी बनवलेलं.

एमिली खरी कळते 'ओव्हर ईच अदर'मध्ये. तिथे गाणं तिच्या एकटीच्या खांद्यावर आहे. कडव्यात ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते, ओळीच्या शेवटी आवाज थोडा फाटू देते आणि तो तसाच ठेवलाय. त्याबद्दल इथे कोणीच बोलून नाही राहिलं याचं मला वाईट वाटतं.

तर्री_पोहे_मेटल:
ताई 'ओव्हर ईच अदर' मले झोपेचं वाटलं. व्हिडिओ मस्त आहे, हाननं सेऊलमध्ये शूट केला, पण गाणं मिळमिळीत.

खामल्याची_गायिका:
हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर नको. बाहेर २० तारखेच्या विधानसभेच्या मतदानासाठी प्रचाराचे भोंगे आहेत, त्यात असलं गाणं कसं कळणार.

महाल_डबल_बास:
@चेस्टर_कायम नावाबद्दल. चेस्टर १९९९ ला आला, त्याच्या आधी हाच बँड झिरो नावानं होता आणि मार्क वेकफिल्ड गायचा. म्हणजे या बँडला गायक बदलून उभं राहायची ही पहिली वेळ नाही. बँड माईक, ब्रॅड आणि रॉबनं सुरू केला, त्यातला माईक आहे, ब्रॅड स्टुडिओत आहे. नाव ठेवायचा हक्क त्यांचाच.

चेस्टर_कायम:
हक्काचं मी बोलतच नाहीये. कोर्टात जायचंय का मला? झिरोला जगात कोण ओळखत होतं? लिंकिन पार्क म्हटलं की 'हायब्रिड थिअरी', २०००, आणि तो आवाज. सप्टेंबरपासून शोमध्ये एमिली चेस्टरची गाणी म्हणतेय, समोरचे लोक तिच्यासोबत गातायत, ते बघून मला आनंद व्हायला पाहिजे का? नाही होत. ती वाईट गाते असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

महाल_डबल_बास:
हे पटलं. गाणी आवडायला हवीत अशी जबरदस्ती कोणावरच नाही. मला स्वतःला ड्रम्सचं जास्त जाणवतं. नवा ड्रमर कॉलिन ब्रिटन चांगला आहे, तो मूळचा प्रोड्यूसर पण आहे, आणि ते ऐकू येतं, प्रत्येक ठोका नीट बसवलेला, कुठेच सांडत नाही. रॉबचं 'मिटिओरा'मधलं वाजवणं पण घट्टच होतं, पण अंगात झुलायचं. 'टू फेस्ड'मध्ये मला जुनेपणाचा त्रास नाही, त्या झुलण्याचा अभाव जाणवतो. रिफ २००० ची आणि खालचे ड्रम्स २०२४ चे, म्हणून ते जुनंही वाटत नाही नि नवंही. आणि अजून एक, ११ ट्रॅक, त्यात पहिला छोटासा इंट्रो, म्हणजे दहा गाणी आणि त्यातली चार अल्बमच्या आधीच बाहेर. पूर्ण अल्बम एका बैठकीत पहिल्यांदा ऐकायची गंमत आपल्याकडून काढून घेतलीय. याचा मला खरंच राग आहे.

रामदासपेठ_रिफ:
ड्रम्सचा मुद्दा मी पकडला नव्हता, पण माझं मत त्यानं बदलत नाही, उलट पक्कं होतं. जुनी रिफ घेतली की जुना ड्रमरही आठवणारच, ही तुलना त्यांनी स्वतः ओढवून घेतलीय. 'एम्प्टीनेस मशीन' ऐकताना मला रॉब आठवत नाही, चेस्टरही आठवत नाही, गाणं संपेपर्यंत मी त्या गाण्यातच असतो. @चेस्टर_कायम भाऊ तुम्हाला ऐकाच असं म्हणणार नाही. पण कधी ऐकावंसं वाटलं तर 'टू फेस्ड'पासून सुरुवात करू नका, त्यात तुम्हाला प्रत्येक वळणावर तोच आठवेल.

तर्री_पोहे_मेटल:
आणि मी म्हणतो का 'टू फेस्ड'पासूनच करा, आठवला तर आठवू द्या ना, त्यात काय वाईट आहे? शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, रात्री बारालाच लावून बसतो. उरलेल्या सहामध्ये स्क्रॅचिंग किती आहे ते सकाळी इथं लिहितो.

रामदासपेठ_रिफ:
मी पाहणार की किती गाण्यांची पहिली ओळ माईक म्हणतो आणि किती एमिली. ताई, तुम्ही किंकाळ्या सोडून बाकीच्या आवाजाचं लिहा, ते इथे दुसऱ्या कोणाला जमणार नाही.